‘नॅस्टी’ नेमकं कुठं म्हणायचं आणि कुठं टाळायचं?

(मागे फळा. फळ्यावर एकच शब्द लिहिलेला: नॅस्टी.)

रामराम राजेहो! आज एकच शब्द घेऊ. एन, ए, एस, टी, वाय. नॅस्टी.

डिक्शनरी उघडली की पहिला अर्थ दिसतो ‘घाणेरडा, किळसवाणा’. पोट्टे तेवढा पाठ करतात. मग भरतीच्या पेपरात ‘ही हॅड अ नॅस्टी फॉल’ आलं की ‘तो घाणीत पडला’ या पर्यायावर गोल करून मोकळे. गडी पडला मोटारसायकलवरून. चांगलाच आपटला, गुडघा सोलून निघाला. घाण कुठून आली बाप्पा?

अर्थ चुकीचा नाही, फक्त जुना आहे. हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस सापडतो आणि तेव्हा तो मळ, घाण याच अर्थाने चालायचा. पुढे पसरत गेला. आज त्याचा गाभा ‘नकोसं, त्रास देणारं’ एवढाच उरलाय. त्रास कसला, ते पुढचं नाम सांगतं. म्हणून नॅस्टीचा सुटा अर्थ पाठ करू नका, जोड्या पाठ करा.

आधी उच्चार उरकून घेऊ. अमेरिकन माणूस ‘नॅस्टी’ म्हणतो. ब्रिटिश माणूस लांब ‘आ’ लावून ‘नास्टी’ म्हणतो, आणि बीबीसीवर पहिल्यांदा ऐकलं की आपल्याला ‘नास्ता’च ऐकू येतो. दोन्ही बरोबर. ‘न्यास्टी’ मात्र म्हणू नका, त्यात ‘य’ नाही.

(स्क्रीनवर: नॅस्टी स्मेल, नॅस्टी टेस्ट)

पहिली जोडी सोपी. पावसात भिजलेलं कुटार कुजलं की कोठ्यात जो वास सुटतो तो नॅस्टी स्मेल. खवट शेंगदाणा दाताखाली आला की तोंडात राहते ती नॅस्टी टेस्ट. इथं घाण, उग्र, खवट, कडवट, जे बसेल ते घ्या.

पण इथंच व्याकरणाची एक मेख आहे. ‘पाण्याला घाण वास येतोय’ हे इंग्रजीत कसं सांगाल? ‘द वॉटर स्मेल्स नॅस्टी’ की ‘द वॉटर स्मेल्स नॅस्टिली’? वर्गात निम्मे हात दुसऱ्या वाक्याला वर होतात, कारण ‘क्रियापदानंतर क्रियाविशेषण’ हा नियम डोक्यात पक्का बसलेला असतो. बरोबर वाक्य पहिलं. स्मेल, टेस्ट, लुक, साउंड, फील या क्रियापदांनंतरचा शब्द कर्त्याचं वर्णन करतो. पाणी काही वास घेण्याचं काम वाईट रीतीने करत नाहीये, पाणीच वाईट आहे.

तपासायची युक्ती अशी: क्रियापद काढा, तिथं ‘इज’ ठेवा. ‘द वॉटर इज नॅस्टी’. अर्थ तोच राहिला, मग विशेषण. ‘दॅट कट लुक्स नॅस्टी’ करा, ‘दॅट कट इज नॅस्टी’. चाललं. आता ‘ही लाफ्ड नॅस्टिली’ घ्या, तो कुत्सित हसला. ‘इज’ ठेवलं तर हसणंच गायब होतं. म्हणजे इथं क्रियाविशेषण हवं. नॅस्टिली लिहिताना वाय जातो आणि आय येतो. नॅस्टिअर, नॅस्टिएस्ट, नॅस्टिनेस, सगळीकडे तेच. ‘मोअर नॅस्टी’ लिहू नका, पेपरात मार्क जातो.

(स्क्रीनवर: नॅस्टी कट, नॅस्टी फॉल, नॅस्टी बर्न, नॅस्टी कफ, नॅस्टी रॅश)

आता दुखापती. इथं नॅस्टी म्हणजे ‘चांगलाच, जोराचा’. सोयाबीन सोंगताना डाव्या हाताच्या मुठीत झाडं धरतो आणि उजव्या हातातला इळा आपल्याकडे ओढतो. वाळलेलं खोड कडक असतं, इळा घसरतो आणि डाव्या हाताच्या बोटावर येतो. नुसतं खरचटलं तर तो स्क्रॅच. मांस उघडं पडलं, फडकं गुंडाळलं तरी रक्त झिरपतंय, तर ‘अ नॅस्टी कट’. बघणाऱ्याच्या तोंडून ‘बाप रे’ निघावं इतपत. पण जिवावर बेतलं असेल तर नॅस्टी अपुरा पडतो, तिथं ‘सिरियस’ किंवा ‘सिव्हिअर’ लागतं. गाजरगवत उपटल्यावर हाताला, मानेला जे लाल चट्टे उठतात आणि रात्रभर खाज सुटते, ती नॅस्टी रॅश. विंचू चावला तर नॅस्टी स्टिंग.

इळ्याच्या जखमेला ‘डर्टी कट’ म्हटलं तर अर्थ बदलतो बरं का. ती माती गेलेली, दूषित जखम. नॅस्टी कट स्वच्छ धुतलेलाही असू शकतो.

(स्क्रीनवर: नॅस्टी शॉक, नॅस्टी सरप्राइज)

आपल्याकडे सरप्राइज म्हटलं की केक आणि फुगे. इंग्रजीत सरप्राइज तटस्थ आहे, ते गोड की कडू हे आधीचं विशेषण ठरवतं. नॅस्टी सरप्राइज म्हणजे काय, हे पऱ्हाटी लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको. गुलाबी बोंडअळी बारीक असतानाच बोंडात शिरते आणि तिचं छिद्र मागे बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक. फोडून बघितलं तर आत गुलाबी अळी, पोखरलेली सरकी आणि डागाळलेली रुई. फुलांच्या पाकळ्या चिकटून डोमकळी दिसली असेल तर आधी सुगावा तरी लागतो. नाही तर ते नॅस्टी सरप्राइज. आणि अळीलाच ‘अ नॅस्टी पेस्ट’ म्हटलं तरी इंग्रजी एकदम बरोबर. अर्थ घाणेरडी अळी नव्हे, ‘पिच्छा न सोडणारी, नुकसान करणारी कीड’.

नॅस्टी शॉक दोन्हीकडे चालतो. विकलेल्या मालाच्या चुकाऱ्याची चिठ्ठी हातात आली आणि रक्कम निम्मी निघाली, तो मनाचा. ओल्या हातानं पंपाच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावला आणि झटका बसला, तो विजेचा.

याच कुळातलं एक वाक्य पाठच करून टाका: ‘आय हॅव अ नॅस्टी फीलिंग दॅट वुई हॅव मिस्ड द लास्ट बस.’ शेवटची एसटी गेली वाटते, अशी मनात पाल चुकचुकणं. यात घाण नाही, राग नाही, फक्त शंका, आणि तीही वाईटाची. चांगल्याची शंका असेल तर नॅस्टी लावता येत नाही.

दुसरं: ‘हॅज अ नॅस्टी हॅबिट ऑफ’. ‘अवर पंप हॅज अ नॅस्टी हॅबिट ऑफ ट्रिपिंग अ‍ॅट नाइट.’ रात्रीच्या पाळीला लाइट येते आणि नेमका तेव्हाच पंप ट्रिप होतो. निर्जीव वस्तूला सवय लावायची ही खास इंग्रजी तऱ्हा. ‘ऑफ’नंतर क्रियापदाला आयएनजी लावायचंच. ‘ऑफ ट्रिप’ चूक, ‘टू ट्रिप’ही चूक.

मग ‘टर्न नॅस्टी’. चांगलं चाललेलं बिघडून अंगावर येणं. धुऱ्यावरून दोघांची बोलाचाली सुरू झाली, आवाज चढले, हमरीतुमरीवर आली: ‘द आर्ग्युमेंट टर्न्ड नॅस्टी.’ संत्र्याला बहर धरलाय, दुपारी आभाळ भरून आलं आणि गारा सुरू झाल्या: ‘द वेदर टर्न्ड नॅस्टी.’ इथं एक सांस्कृतिक गंमत आहे. इंग्लंडच्या माणसाचं नॅस्टी वेदर म्हणजे सहसा पाऊस, गारठा आणि बोचरा वारा. चंद्रपूरच्या 45 अंशांच्या उन्हाला नॅस्टी म्हटलं तर चूक होत नाही, पण फिकं वाटतं. त्या उन्हासाठी ‘स्कॉर्चिंग’ ठेवा.

‘चीप अँड नॅस्टी’ ही जोडी ब्रिटिशांची लाडकी. आठवडी बाजारात घेतलेली बॅटरी घरी पोचेपर्यंत बंद पडली, ती चीप अँड नॅस्टी. स्वस्त आणि भिकार.

(कॅमेऱ्याच्या जवळ येऊन)

आता माणसं. सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो, म्हणून जरा थांबू.

माणसाला नॅस्टी म्हटलं तर तो अस्वच्छ आहे असं सहसा कोणी समजत नाही. तो कुजकट, खुनशी, मुद्दाम दुसऱ्याला लागेल असं बोलणारा. ‘डोन्ट बी नॅस्टी टू युअर सिस्टर.’ बहिणीशी वाकड्यात वागू नको. ‘टू’ लागतं. आपण मराठीतल्या ‘शी’वरून ‘विथ’ लावतो, ‘नॅस्टी विथ मी’ लिहितो, आणि ‘एरर शोधा’ प्रकारच्या प्रश्नात फसतो.

‘ही इज नॅस्टी’ आणि ‘ही इज बीइंग नॅस्टी’ यात मोठा फरक आहे. पहिल्यात स्वभावच तसा: खवचटच आहे तो. दुसऱ्यात आत्तापुरतं: एरवी बरा आहे, आज कुजकट बोलतोय. भांडण मिटवायचं असेल तर दुसरं वाक्य वापरावं, माणसाला परतायला जागा राहते. आणि ज्याच्यात काहीच चांगलं दिसत नाही त्याला ब्रिटिश म्हणतात ‘अ नॅस्टी पीस ऑफ वर्क’. इथं ‘वर्क’चा कामाशी संबंध नाही. आपल्याकडे ‘लय बेक्कार माणूस हाये तो, त्याच्या नादी लागू नोको’ म्हणतात, तेच.

शाळेच्या पालकसभेत ऐकू येणारं वाक्य: ‘माय सन इज व्हेरी नॅस्टी, मॅडम.’ आईला म्हणायचंय पोरगं खोडकर आहे. तो शब्द ‘नॉटी’. नॅस्टी पोरगं दुसऱ्याचा डबा मुद्दाम मातीत उलटवतं आणि वरून हसतं. नॉटी पोरगं डबा चोरून खातं. मॅडमपुढे कोणतं पोरगं उभं करायचं ते ठरवा.

या शब्दाची धार किती, हे 2016 मध्ये जगानं पाहिलं. 19 ऑक्टोबरला अमेरिकी अध्यक्षपदाच्या तिसऱ्या वादविवादात हिलरी क्लिंटन बोलत असताना डोनाल्ड ट्रम्प मध्येच म्हणाले, ‘सच अ नॅस्टी वुमन.’ पुढे क्लिंटन यांच्या समर्थक बायकांनी तेच दोन शब्द टी-शर्टवर छापून मिरवले. वर्मी लागणारा शब्द असल्याशिवाय असं होत नाही.

जेवणाबाबत जपून. सावजी रस्सा खाऊन डोळ्यांतून पाणी आलं, तर तो ‘हॉट’ किंवा ‘स्पायसी’. नॅस्टी म्हणालात तर यजमानाला ऐकू येईल ‘ओकारी आली’. जास्तच तिखट झालं तर ‘इट्स अ बिट टू हॉट फॉर मी’ म्हणा, पाहुणा आणि यजमान दोघांचा मान राहतो.

पेपर देणाऱ्यांसाठी झटपट. समानार्थी विचारला तर अनप्लेझंट, फाउल, व्हाइल. विरुद्धार्थी प्लेझंट, नाइस, अ‍ॅग्रीएबल. ‘व्हेरी नॅस्टी’ चालतं, पण ‘व्हेरी डिस्गस्टिंग’, ‘व्हेरी ऑफुल’ खटकतं. त्या शब्दांत ‘अतिशय’ आधीच भरलेलं आहे, त्यांना ‘अ‍ॅब्सोल्युटली’ जोडा.

क्रिकेटमध्ये आणि मोबाइल गेममध्ये नॅस्टी उलटा फिरतो. ‘दॅट यॉर्कर वॉज नॅस्टी’ म्हणजे खतरनाक बॉल, खेळताच येईना असा. ही शाबासकी आहे. आपण नाही का ‘काय बेक्कार बॅटिंग केली बे’ म्हणत? पण ही पोरापोरांतली बोली. इंटरव्ह्यूत ‘आय हॅव नॅस्टी कम्प्युटर स्किल्स’ म्हणाल तर समोरचा पेन खाली ठेवेल.

आणि शेवटचं, जे खरोखर कामाचं आहे. नॅस्टी हा बोलण्यातला शब्द. तो बोलणाऱ्याची प्रतिक्रिया सांगतो, वस्तूचं मोजमाप सांगत नाही. म्हणून कागदावर, अर्जात, दवाखान्यात तो टाळा.

फवारणीच्या औषधाच्या डब्यावर बघा. तिथं नॅस्टी कुठेच नसतो. त्यावरच्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो: लाल म्हणजे सर्वांत जास्त विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. वास नॅस्टी आहे की नाही यावरून विष किती ते कळत नाही. वास सौम्य आणि रंग लाल, असंही असू शकतं. फवारताना कोणाला त्रास झाला तर डॉक्टरला ‘नॅस्टी स्मेल’ सांगून उपयोग नाही. डबा सोबत न्या, औषधाचं नाव आणि रंग दाखवा, आणि ‘व्हॉमिटिंग’, ‘ब्लर्ड व्हिजन’, ‘डिफिकल्टी इन ब्रीदिंग’ असं काय होतंय ते सांगा.

जखम असेल तर ‘अ डीप कट ऑन द लेफ्ट इंडेक्स फिंगर, अबाउट टू सेंटिमीटर्स लाँग’. नळाच्या पाण्याची तक्रार असेल तर ‘द वॉटर इज यलोइश अँड हॅज अ फाउल ओडर’.

आणि ताई, हे खास तुमच्यासाठी. मोबाइलवर कोणी वाईट मेसेज पाठवत असेल आणि इंग्रजीत तक्रार द्यायची असेल, तर ‘ही सेंट मी नॅस्टी मेसेजेस’ एवढ्यावर थांबू नका. नॅस्टी मेसेज अश्लील असू शकतो, शिवीगाळीचा असू शकतो, धमकीचाही असू शकतो, आणि तिन्हींची कलमं वेगळी. अश्लील असेल तर ‘ऑब्सीन’ लिहा, शिव्या असतील तर ‘अब्युझिव्ह’, धमकी असेल तर ‘थ्रेटनिंग’. तारीख, वेळ, नंबर टाका, स्क्रीनशॉट जोडा, आणि मेसेज डिलीट करू नका.