चौदा फेब्रुवारी: नाव संताचं, सण कवीचा

नमस्कार मंडळी. दर फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर एक गोष्ट हमखास येते. रोमचा बादशहा क्लॉडियस याने सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली, कारण बायकापोरांत जीव अडकलेला शिपाई नीट लढत नाही. व्हॅलेंटाइन नावाचा धर्मगुरू चोरून लग्नं लावायचा. तो पकडला गेला, जेलरच्या आंधळ्या मुलीवर त्याचं मन बसलं आणि मरणाच्या आदल्या रात्री त्याने तिला चिठ्ठी लिहिली, खाली सही, 'तुझा व्हॅलेंटाइन'. गोष्ट फक्कड आहे. फक्त त्या काळातला एकही कागद तिच्या बाजूने साक्ष द्यायला येत नाही.

क्लॉडियस दुसरा खरा. 268 ते 270 एवढीच त्याची कारकीर्द, आणि तीही गॉथ टोळ्यांशी लढण्यात गेली. व्हॅलेंटाइन मात्र एक नाही, निदान दोन सापडतात. एक रोमचा धर्मगुरू, दुसरा तेर्नी गावचा बिशप. दोघांचाही स्मृतिदिन 14 फेब्रुवारी, दोघांचंही दफन फ्लामिनिया नावाच्या एकाच रस्त्यालगत. ही दोन माणसं की एकाच माणसाच्या दोन कथा, हा वाद अजून मिटलेला नाही. तेराव्या शतकात संतचरित्रांचा एक मोठा लोकप्रिय संग्रह झाला. त्यात व्हॅलेंटाइन धर्मावर वाद घालतो, ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात त्याला दिलेलं असतं त्याच्या मुलीला दृष्टी देतो, आणि शेवटी त्याचं डोकं उडवतात. प्रेम नाही, लग्न नाही, चिठ्ठी तर नाहीच.

मग कोणी म्हणतं, हा मुळात रोमन लोकांचा लुपरकालिया. हा सण 15 फेब्रुवारीचा. बोकड आणि कुत्रा बळी द्यायचे, त्या कातड्याच्या वाद्या करून तरुण रस्त्याने धावायचे आणि बायकांना फटके मारायचे. मूल व्हावं, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बायका मुद्दाम हात पुढे करायच्या. इथवर ठीक. पण मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या भांड्यात टाकून मुलं त्या उचलायची, हे कुठल्याही रोमन लेखकाने लिहिलेलं नाही. ते इंग्लंडमधल्या अठराव्या शतकातल्या लेखकांनी मागाहून चिकटवलं.

तर प्रेम या तारखेला आलं कुठून? चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या कवितेतून. साधारण 1380 च्या दशकात त्याने पक्ष्यांच्या सभेवर 699 ओळींचं काव्य लिहिलं, 'पार्लमेंट ऑफ फाउल्स'. आज हाती असलेल्या पुराव्यात हा दिवस आणि जोडीदार निवडणं यांची गाठ पडते ती इथे. त्याच सुमाराला ओटन द ग्रॅन्सन हा सरदारही फ्रेंचमध्ये अशाच कविता करत होता, त्यामुळे पहिला कोण यावर पैज लावू नये. पण दोघेही कवीच.

या सभेत जरा बसूया. कवी वाचता वाचता झोपतो आणि स्वप्नात एका बागेत पोचतो. व्हॅलेंटाइनच्या दिवशी निसर्गदेवीपुढे झाडून सगळे पक्षी जोडीदार निवडायला जमलेत. मानाप्रमाणे शिकारी पक्षी वर, किडे खाणारे त्यांच्या खाली, दाणे टिपणारे हिरवळीवर, पाणपक्षी सगळ्यांत तळाला. देवीच्या हातावर एक देखणी गरुडमादी, आणि तिला मागणी घालणारे तीन नर. तिघांची भाषणं सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत चालतात. बाकीच्यांना घाई, आपलं कधी उरकणार? शेवटी कलकलाट होतो, 'केक केक, कुक्कू, क्वेक क्वेक'. हंसी म्हणते, ती नाही म्हणाली तर त्याने दुसरी बघावी. होल्याला हे पटत नाही, प्रेम करायचं तर मरेपर्यंत. अखेर देवी गरुडमादीलाच विचारते. ती म्हणते, मला वर्षभराची मुदत द्या. मुदत मिळते, बाकीचे जोड्या जुळवून गाणं म्हणून उडून जातात. प्रेमाच्या या दिवशी मुख्य स्थळ ठरतच नाही!

इंग्लंडच्या थंडीत फेब्रुवारीत कसले पक्षी जोड्या जुळवतात, असं तुम्ही विचाराल. अभ्यासकांनाही ते खटकलं. एकाने मे महिन्यातला दुसराच व्हॅलेंटाइन शोधून काढला. शिवाय जुन्या पंचांगामुळे तेव्हाचा 14 फेब्रुवारी आजच्या हिशेबाने 22 च्या आसपास पडायचा. मला वाटतं, कवीला एवढी सूट द्यावी.

पुढची शंभर वर्षं ही कल्पना दरबारातून गढ्या-वाड्यांपर्यंत झिरपत गेली. 1477 सालची पत्रं आहेत, नॉरफक परगण्यातली. मार्जरी ब्रूज या मुलीचं जॉन पॅस्टनशी जमत होतं आणि अडलं होतं हुंड्यावर. आधी तिची आईच भावी जावयाला लिहिते, शुक्रवारी व्हॅलेंटाइनचा दिवस, प्रत्येक पाखरू जोडीदार निवडतं, तुम्ही गुरुवारी रात्रीच या. म्हणजे येऊन मुलीच्या बापाशी बोलून घ्या. मग मार्जरी लिहिते, अक्षर कारकुनाचं, शब्द तिचे. जॉनला ती 'माझा लाडका व्हॅलेंटाइन' म्हणते. तुमचं उत्तर येईपर्यंत ना शरीराला बरं, ना मनाला, म्हणते. आईने वडिलांची पुष्कळ मनधरणी केली, पण आकडा हलत नाही. तुमचं माझ्यावर खरंच प्रेम असेल तर एवढ्यावरून मला सोडणार नाही. दुसऱ्या पत्रात आकडाही आहे: शंभर पौंड आणि पन्नास मार्क (हेही तेव्हाचं पैसे मोजायचं एक माप), याच्या वर दमडी नाही. इंग्रजीतलं जपून राहिलेलं सर्वांत जुनं व्हॅलेंटाइन पत्र म्हणून ज्याचा गौरव होतो, ते हे असं.

सतराव्या शतकात याचा खेळ झालेला दिसतो. सकाळी जो पहिला दिसेल तो वर्षभराचा व्हॅलेंटाइन. लंडनच्या सॅम्युअल पीप्सने 1662 च्या रोजनिशीत लिहिलंय की त्या दिवशी घरात शेकोटीच्या चौकटीला सोनेरी मुलामा द्यायला रंगारी आले होते. ते दिसू नयेत म्हणून बायको सकाळभर डोळ्यांवर हात धरून होती. आणि हे महाशय एका सहकाऱ्याच्या घराकडे फिरकलेच नाहीत. त्याची मुलगी गेल्या वर्षी यांची व्हॅलेंटाइन होती, आणि आता दोन्ही घरांचं फारसं पटत नव्हतं.

1840 मध्ये ब्रिटिश टपालाचा दर एक पेनी झाला आणि कार्डांचा पूर लोटला. निनावी खवचट कार्डंसुद्धा सुटायची, ठेंगू नवऱ्याची, नकट्या शिक्षिकेची चेष्टा करणारी. पुढचा बाजार तुम्हाला ठाऊक आहे. 1969 मध्ये रोमन चर्चने आपल्या सार्वत्रिक पंचांगातून व्हॅलेंटाइनचा दिवस वगळला. बाजाराला त्याचा पत्ताही लागला नाही.

प्रश्न आलाय मागून, मार्जरीचं पुढे काय झालं? झालं लग्न, त्याच वर्षी. जॉनच्या आईने स्वतःकडची स्पारहॅमची जमीन मुलाला देऊ केली, आणि थोरल्या भावाने लगेच कुरकुर केली. त्याचंही नाव जॉनच.