नवा टॅरंटुला घरी आणण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

टॅरंटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पाळणाऱ्याकडे एकच कोळी फार दिवस राहत नाही. जागा लागते ती केवढी? एक डबा. खायला आठवड्याला एक-दोन रातकिडे पुरतात. आवाज नाही, फिरायला न्यायचं नाही. मग फडताळात दुसरा डबा येतो, तिसरा येतो, आणि पुढे फडताळच नवं घ्यावं लागतं. हा मोह मला चांगला ठाऊक आहे आणि त्यात वावगं काही आहे असं मी म्हणणार नाही. पण पुढचा कोळी निवडताना रंग, आकार, किंमत यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा, असं मला मनापासून वाटतं. हा कोळी जन्मला कुठे?

मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या टॅरंटुलाचंच बघा. काळे पाय, सांध्यांवर केशरी-लाल पट्टे आणि स्वभाव शांत. अमेरिकेत आणि युरोपात त्याला इतकी मागणी आली की रानातून तो भराभर उचलला गेला. या जातीची मादी वयात यायलाच बरीच वर्षं लागतात, त्यामुळे मोठी मादी बिळातून काढली की त्या रानाची ती सगळी वर्षं जातात. अखेर १९८५ मध्ये ही जात साइट्स या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि तिचा व्यापार परवान्याखाली आला. आज याच जातीची घरात पैदा झालेली पिल्लं सहज मिळतात. म्हणजे रानाला हात न लावता हा छंद चालू शकतो.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं. आंध्रातल्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकूड-वखारीत एक निळाशार कोळी सापडला. १८९९ मध्ये पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं पीसिलोथेरिया मेटॅलिका. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. पुन्हा सापडला तो नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. गुत्तीला तो बहुधा लाकडांबरोबर आला असावा. त्याला जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात, आणि जुनी झाडं सरपणासाठी तुटतात. निसर्ग संवर्धनासाठी काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. परदेशी संग्रहांमध्ये मात्र तो भरपूर आहे! २०१९ मध्ये पीसिलोथेरियाच्या सगळ्याच जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. त्याचाच एक भाऊबंद, पीसिलोथेरिया रेगॅलिस, आपल्या सह्याद्रीतही राहतो. पावसाळी भटकंतीत एखाद्या ढोलीत करड्या-पांढऱ्या नक्षीचे पाय दिसले, तर डोळे भरून बघा, फोटो काढा आणि तिथेच राहू द्या.

कागदपत्रांचंही तितकंच महत्त्वाचं. जुलै २०२१ मध्ये चेन्नई विमानतळावर कस्टम्सनी पोलंडहून आलेलं एक टपाल पार्सल उघडलं. रुपेरी फॉइलमध्ये आणि कापसात गुंडाळलेल्या छोट्या कुप्या निघाल्या, आत १०७ जिवंत कोळी. आयातीचा परवाना नव्हता, म्हणून ते परत पोलंडला धाडले गेले. एवढ्याशा जिवांना दोनदा तो प्रवास! वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतात साइट्सच्या परिशिष्टांतले विदेशी प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावीच लागते. विकणारा कागद दाखवत नसेल, तर तिथून उठावं.

समजा, सगळं रीतसर होऊन पिल्लू घरी आलं. त्याला बाकीच्या डब्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवा. त्याच्याबरोबर बारीक माइट्स, म्हणजे गोचिडीच्या जातीचे सूक्ष्म जीव, किंवा तोंडाशी वाढणारे सूत्रकृमी येऊ शकतात, आणि चिमटे सामायिक असले की ते सगळीकडे पोचतात. म्हणून निदान महिनाभर त्याचा चिमटा वेगळा, पाण्याची वाटीही वेगळी. पहिले काही दिवस खायला घालायची घाई नको, त्याला जाळं विणू द्या. जमिनीवर राहणाऱ्या जातीच्या डब्यात नारळाचा भुसा भरपूर भरा आणि वर मोकळी जागा कमी ठेवा, कारण थोड्या उंचीवरून पडलं तरी पोट फुटून तो मरू शकतो. आणि एका डब्यात एकच. दोन ठेवले की बहुतेक जातींत शेवटी एकच उरतो.

हाताळायचा हट्ट तर नकोच. अमेरिकेकडच्या बऱ्याच जाती पोटावरचे केस पायाने झाडतात. ते डोळ्यात गेले तर थेट डॉक्टर गाठावा लागतो. आपल्याकडच्या पीसिलोथेरियाकडे असे केस नाहीत, पण तो वीजेसारखा पळतो, आणि चावला तर स्नायूंत जबर पेटके येतात.

खाणं बंद झालं, पोट काळवंडलं, की कात टाकायची वेळ आली समजा. कात टाकताना कोळी उताणा पडतो, तेव्हा तो मेला असं समजून त्याला हलवू नका. डब्यातला रातकिडा मात्र लगेच काढा, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला तोच कुरतडतो. कात टाकल्यावर विषदंत पांढरे असतात तोवर खाणं नाही.

टाकलेली कात फेकू नका. ओली असतानाच अलगद उलगडून पोटाच्या भागात आतून बघितलं, तर मादी की नर ते ओळखता येतं. लाल गुडघ्यांची मादी निघाली, तर पंचवीस वर्षं सोबत करील, तेव्हा तुमच्यानंतर तिचं कोण बघणार तेही ठरवा. नर निघाला तर हिरमुसू नका. वयात आल्यावर त्याचं आयुष्य थोडंच उरतं. तेवढ्या दिवसांत ज्याच्याकडे त्याच जातीची मादी आहे, अशा माहीतगार पाळणाऱ्याकडे तो पाठवा. अंड्यांच्या एका कोषातून शेकडो पिल्लं निघतात, आणि तेवढ्या कोळ्यांसाठी मेक्सिकोच्या रानात कुणाला बिळं उकरावी लागत नाहीत.