दळण, माग आणि बाळाची झोप

नमस्कार श्रोतेहो. सकाळच्या या वेळेला तुमच्यापैकी काही जणींच्या मांडीवर रात्रभर घर जागवलेलं बाळ आत्ता कुठं गाढ झोपलं असेल. त्यांनी रेडिओ जरा बारीक करा. मी बोलतोच आहे, घाई नाही.

आजचा विषय बाळाची झोप. मी इचलकरंजीत तीस वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवला. ताप, जुलाब, खोकला यांच्या खालोखाल मला विचारला गेलेला प्रश्न एकच, ‘डॉक्टर, पोरगं झोपत नाही ओ.’ त्यावर माझं उत्तरही एकच, आणि ते आधीच सांगून टाकतो. झोपेला औषध नाही, झोपेला क्रम आहे. रोज संध्याकाळी त्याच गोष्टी, त्याच क्रमानं, साधारण त्याच वेळेला. हे मी आज तीन-चारदा सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही.

आता गोष्ट. लोडशेडिंगचे दिवस होते, 2007 च्या आसपासचे. इचलकरंजी म्हणजे मागांचं गाव. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाची खटखट सुरू आहे. एक खर्चीवालं, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारं, कुटुंब माझ्याकडे यायचं. पुढच्या खोलीत चार माग, मागच्या खोलीत संसार, मधे पत्र्याची भिंत. मागातला सूत नेणारा धोटा इकडून तिकडं आपटायचा, तसा मागच्या खोलीतला पितळेचा डबा फळीवर थरथरायचा. त्या डब्याच्या खाली झोळीत नऊ महिन्यांचं पोरगं, आणि ते दगडासारखं झोपायचं! आई कौतुकानं सांगायची, ‘आमचं लई शहाणं हाय, आवाजाला भीत न्हाई.’

मला आधी त्याच्या कानांची काळजी. पाठीमागून चमचा वाजवला, तर पठ्ठ्यानं लगेच मान वळवली. कान उत्तम. तरी ‘एवढ्या आवाजात तान्हं मूल ठेवू नका, आज ना उद्या कानाला बाधेल,’ असं सांगितलं. पण दोनच खोल्या असलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे मलाच ओशाळल्यासारखं झालं.

गंमत पुढं आहे. लाइट गेली की माग थांबायचे. माग थांबले की त्या क्षणाला पोरगं जागं होऊन गळा काढायचं. लाइट आली, खटखट सुरू झाली, की पुन्हा गप. आजी म्हणायची, ‘डाक्टर, आमचं पोरगं लाइटवर चालतंय.’

मग आली दिवाळी. आई बाळाला घेऊन माहेरी गेली, जत तालुक्यातल्या एका खेड्यात. तुम्ही तो भाग पाहिला असेल तर माहीत असेल, रात्री आठनंतर तिथं कुत्रंसुद्धा विचार करून भुंकतं. एवढी शांतता! पोरगं पहिली रात्र रडलं. दुसरी रडलं. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, अंगारा लावला, पोट चोळलं, ओव्याची पुरचुंडी शेकवली. तिसऱ्या रात्री शेजारी सल्ला द्यायला आले. चौथ्या दिवशी सगळं घर लाल डोळ्यांनी बसलेलं. आजोबांना दळण आणायचं होतं, ते म्हणाले, ‘द्या त्याला माझ्याकडं, जरा फिरवून आणतो.’

गावात पट्ट्याची गिरणी, डिझेल इंजिनवरची. गिरणीवाल्यानं इंजिन मारलं, पट्टा फिरला, जातं घरघरलं आणि आजोबांच्या खांद्यावर पोराची मान कलली. झोपलं! पापण्यांवर पीठ बसून पांढरं झालेलं ते पोर आजोबांनी हलक्या हातानं घरी आणलं, तर दाराशी पोचेपर्यंत जागं. घरी कुठं गिरणी होती?

दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा गेले. गिरणीवाला म्हणाला, ‘कालच की न्हेलं दळण.’ मग आजोबांनी युक्ती काढली. रोज तिन्हीसांजेला शेर-दीड शेर शाळू घेऊन जायचं, नंबर शेवटचा लावायचा, आणि दळण होईपर्यंत नातू खांद्यावर. आठ दिवसांत घरात पिठाचे चार डबे भरले. आजीनं कपाळाला हात लावला, ‘एवढ्या भाकरी खायच्या कुणी?’

(बाय द वे, ताज्या दळलेल्या शाळूची भाकरी ही काय चीज आहे, ते पिशवीतलं पीठ आणणाऱ्या पिढीला कधी कळायचं! ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरा पडतात, आणि मग सुनेला भाकरी येत नाही म्हणून बोल लागतो. दोष पिठाचा असतो. असो, मी झोपेवर बोलत होतो.)

सुट्टी संपवून ते परत आले, सरळ दवाखान्यात. मी हसलो, पण कारण सरळ होतं. आपण मोठी माणसं रात्रभर एकसंध झोपतो असं आपल्याला वाटतं, पण झोपेचे फेरे असतात. आपला फेरा साधारण दीड तासाचा, तान्ह्याचा 50 ते 60 मिनिटांचा. प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी बाळ अर्धवट जागं होतं आणि चाचपतं. झोपताना जे होतं ते अजून आहे का? झोळीचा झोका, आईचा पदर, तोंडातलं दूध, मागाची खटखट. असेल तर पुन्हा झोपतं. नसेल तर आरडाओरडा. तुम्ही खांद्यावर झोपलात आणि जाग आली तेव्हा अंगणात असलात, तर तुम्हीही ओरडालच की.

म्हणून जाग आल्यावरही जे तिथंच असेल, त्यातच बाळाला झोपू द्यायचं. तीच खोली, तीच गोधडी, तोच मंद दिवा. डोळे पेंगुळलेत पण अजून मिटले नाहीत, अशा वेळी बाळ खाली ठेवायचं. पुन्हा सांगतो, पेंगुळलेलं ठेवायचं, झोपलेलं नाही.

त्या महिन्यात त्यांच्या गल्लीची लाइट संध्याकाळी आठला जायची. मी आईला म्हटलं, हाच आपला मुहूर्त. साडेसातला मागाच्या सुताच्या कांड्या भरायचं काम बाजूला ठेवायचं. मऊ भात भरवायचा, कोमट पाण्यानं हातपाय धुवायचे, तळपायाला खोबरेल, झबलं बदलायचं, देवापुढं हात जोडायचे आणि अंथरुणावर ठेवून अंगाई. आठला माग थांबणारच. मागाऐवजी त्याच्या कानात अंगाई शिरू दे. पहिल्या तीन रात्री गल्ली जागी होती, खोटं कशाला बोलू. आई जवळ बसून थोपटायची, पण उचलायची नाही. पंधराएक दिवसांत पोरगं तळपायाला तेल लागलं की जांभई द्यायला लागलं. लोडशेडिंगचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिला नाही.

आपल्या जुन्या घरांत हा क्रम आयताच होता. दिवेलागण, शुभंकरोति, जेवण, दृष्ट, अंगाई. आता त्या वेळेला मालिका लागते, आणि बाबा आठला येऊन बाळाला हवेत उडवतात. प्रेमानंच, पण साडेनऊपर्यंत मग कोण झोपणार?

वेळ कमी उरलाय, बाकीचं भरभर सांगतो. पहिले तीन महिने वेळापत्रकाच्या मागं लागू नका. पोट एवढंसं, दर दोन-तीन तासांनी दूध लागणारच. फक्त सकाळी उजेड आणि गडबड, रात्री अंधार आणि कमी बोलणं, एवढं करा. शरीरातलं घड्याळ दोन-तीन महिन्यांनी लागायला सुरुवात होते. चौथ्या महिन्यानंतर क्रम धरा. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली दिलेले तास असे, दिवसाची डुलकी धरून: तीन महिन्यांपर्यंत 14 ते 17, अकरा महिन्यांपर्यंत 12 ते 16, एक-दोन वर्षांना 11 ते 14. तास मोजत बसू नका, दिवसभर पोर हसतंखेळतं आहे ना, ते बघा.

तान्हं पाठीवरच झोपवा. अमेरिकेत 1994 पासून ही मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. मोहरीची उशी नको, कुठलीच उशी नको. अंथरूण सपाट आणि कडक. दुपट्यात पाय सरळ करून आवळून बांधू नका, खुब्याला त्रास होतो. आणि आज्जीबाई, रागावू नका, पण गुटीत झोपेसाठी जायफळाचे जास्तीचे वळसे नकोत. सहा महिने आईचं दूध, बाकी काही नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका नाइलाजानं बाळाला अफूची बाळागोळी देऊन जायच्या. गुंगी वेगळी, झोप वेगळी.

त्या पोराचं पुढं काय झालं, ते राहिलंच. पुढच्या दिवाळीला सगळे पुन्हा जतला गेले, या वेळी वडीलही. पोरगं साडेआठला तळपायाला तेल लावून घेऊन गाढ झोपलं. रात्री अकराला सासरे लघवीला उठले, तर जावई अंगणात येरझारा घालत होता. चार मागांशेजारी वीस वर्षं झोपलेला माणूस, त्या शांततेत डोळा लागतोय कुठं! सासऱ्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, ‘पावणं, दळण काढू का?’

नमस्कार.