तीन दिवसांत बाप-लेक काय बोलले?

तोरा, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं, आजही चर्मपत्रावर हाताने लिहितात. परंपरेच्या मोजणीनुसार तिच्यात ३,०४,८०५ अक्षरं आहेत. त्यातलं एक जरी चुकलं किंवा गळलं, तर ते दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी सिनेगॉगमधल्या, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरातल्या, वाचनासाठी उघडत नाहीत. मग अशा ग्रंथापुढे कवीनं करायचं काय? मला वाटतं, कवीला मोकळं रान इथेच मिळतं. संहितेला धक्का लागणारच नाही, हे एकदा ठरलेलं असलं की तिच्याशी हवं तेवढं भांडता येतं.

तोरातलं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या बाविसाव्या अध्यायातली इसहाकाच्या बळीची कथा घ्या. रोश हशानाच्या, म्हणजे यहुदी नववर्षाच्या, दुसऱ्या दिवशी ती वाचतात. अवघी १९ वचनं. देव अब्राहामाकडे त्याचा मुलगा इसहाक बळी म्हणून मागतो. म्हातारा पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो. तिसऱ्या दिवशी डोंगर दिसतो. मधल्या वाटेत दोघं काय बोलले? संहिता गप्प. शेवटच्या चढावर इसहाक ‘बाबा’ म्हणून हाक मारतो आणि विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठाय? बस्स, त्यानंतर त्याच्या तोंडी शब्द नाही. त्याच्या आईचं, साराचं, तर अख्ख्या अध्यायात नावच नाही! आणि शेवटी, देवदूतानं सुरी थांबवल्यावर, अब्राहाम आपल्या गड्यांकडे परततो असं लिहिलंय. इसहाक परतला की नाही, ते नाही. लगेच पुढच्या अध्यायात सारा वारते. जुन्या मिद्राशकारांनी, म्हणजे संहितेतल्या रिकाम्या जागा कथांनी भरणाऱ्या भाष्यकारांनी, हे दोन्ही जोडून टाकलं : मुलाचं कळलं आणि तिनं प्राण सोडला.

या गप्प जागांमध्ये कवी शिरत आले. सहाव्या शतकाच्या सुमारास हिब्रू कवी यन्नाई त्या-त्या आठवड्याच्या वाचनावर कवनं रचत होता, आणि ती प्रार्थनेतच म्हटली जात. पुढे शतकानुशतकं ती हरवली होती. कैरोच्या गेनिझातल्या, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठीतल्या, जीर्ण कागदांनी ती परत दिली.

मला मात्र खरा हादरा दिला तो विसाव्या शतकातल्या हिब्रू कवी आमिर गिल्बोआनं. युक्रेनमधला मुलगा, १९३७ साली पॅलेस्टाईनला आला. मागे राहिलेलं कुटुंब नाझींनी संपवलं. त्याच्या इसहाकावरच्या कवितेत बाप-लेक सकाळी रानात फिरताहेत. सुरी लखलखते, मुलगा बापाला हाका मारतो. आणि बाप म्हणतो, बाळा, कापला जातोय तो मी. बघा हं, बायबलमधलं सगळं सामान जागच्या जागी आहे, फक्त सुरीखालचा माणूस बदललाय. पळून वाचलेल्या मुलाचा अपराधभाव सांगायला एवढं पुरलं.

दुसरा हिब्रू कवी दान पागिस लहानपणी छळछावणीतून वाचला. १९७० च्या त्याच्या संग्रहातली बंद रेल्वेडब्यातली कविता सहा ओळींची आहे. डब्यात आदिमाता हव्वा आहे, तिचा मुलगा हाबेल आहे; बायबलमध्ये त्याला त्याचा भाऊ काइनच मारतो. हव्वा म्हणते, थोरला मुलगा काइन भेटला तर त्याला सांगा की मी... आणि कविता तिथेच तुटते. त्यावर बोलणं मला आजवर जमलेलं नाही, म्हणून पुढे जातो.

आपल्याकडे १८८० च्या सुमारास बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, मंडळींनी तोरातल्या योसेफाची, मोशेची आख्यानं मराठी कीर्तनात लावली. कीर्तनात पात्राला मुकं ठेवून भागत नाही, त्याला पद द्यावंच लागतं. म्हणून हा प्रकार मला मिद्राशचा सख्खा भाऊ वाटतो.

त्याच समाजातले, मुंबईत जन्मलेले कवी निसीम इझिकेल. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली काही स्तोत्रं निवडून त्यांनी इंग्रजीत आपली प्रतिस्तोत्रं लिहिली. ज्या संग्रहात ती आहेत, त्याला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मूळ पहिलं स्तोत्र म्हणतं, दुर्जनांच्या सल्ल्यानं न चालणारा तो धन्य. इझिकेल धन्य म्हणतात ते रूढीबाजांच्या सल्ल्यानं न चालणाऱ्याला.