पंचवीसपैकी पंचवीस

पाकिस्तानातला पंजाब. २००० सालापासून इथं पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं झाडांखाली मरून पडलेली सापडत होती. पोट उघडलं की काळजावर, मूत्रपिंडांवर युरिक आम्लाचा खडूसारखा थर. भारतात भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी गिधाडांची घट आधीच नोंदवली होती. संशय होता विषाणूवर.

संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या पक्ष्यांची मूत्रपिंडं तपासली. २००४ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात निष्कर्ष आला. असा थर असलेली गिधाडं २५, आणि पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत डायक्लोफेनॅक, म्हणजे तेव्हा गुरांना टोचत ते वेदनाशामक. थर नसलेली १३. त्यांतल्या एकातही नाही.

औषधाचा आणि आजाराचा काही संबंध नसता, तर निव्वळ योगायोगानं अशी वाटणी व्हायची शक्यता सुमारे ५४१ कोटींत एक. हा हिशेब आज कुणीही कागदावर करू शकतो, कारण मूळ संख्या छापल्या आहेत. ‘फरक लक्षणीय, पी ०.०५ पेक्षा कमी’, म्हणजे योगायोगाची शक्यता शंभरात पाचाहून कमी, एवढंच लिहिलं असतं, तरी वाक्य खरंच ठरलं असतं. पण किती पक्षी, किती फरक, हे वाचणाऱ्याला कळलंच नसतं. संशोधकानं वाचकाचा हा हक्क कधीही हिरावू नये.

अर्थात, योगायोग नाही म्हणजे कारण सापडलं, असं होत नाही. म्हणून पाळीव स्थितीतल्या गिधाडांना हे औषध आणि औषध दिलेल्या जनावरांचं मांस देऊन पाहिलं. त्यांतलीही बरीच त्याच आजारानं मेली.

पुढचा प्रश्न परिणामाच्या आकाराचा. ऱ्हिस ग्रीन यांच्या गटानं त्याच वर्षी गणित मांडलं: मेलेल्या जनावरांपैकी ७६० मध्ये एक ते १३० मध्ये एक एवढ्यांत जरी घातक मात्रा असली, तरी एवढी घट होऊ शकते. टक्क्यांत हे एकाहूनही कमी. पण एका मढ्यावर गिधाडांचा थवा जेवतो, आणि मादी वर्षाला एकच अंडं घालते. त्या गटानं एकच ठाम आकडा न देता पल्ला दिला, हे मला फार मोलाचं वाटतं. गिधाडं किती दिवसांच्या अंतरानं जेवतात, यावर उत्तर बदलत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

२००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या मात्र गोठ्यांत पोचत राहिल्या. २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरपुरत्या मर्यादित कराव्या लागल्या.