खुर्चीतला तास आणि ट्रेच्या रात्री

(दृश्य: ओठाशेजारी धरलेली शेड गाईड)

दात उजळवायचे, म्हणजे ब्लीचिंगचे, दोन मार्ग: दवाखान्यातल्या खुर्चीत किंवा घरी रात्री ट्रे लावून. सुरुवात दोन्हीकडे रंग बघण्याने. दातांच्या रंगाच्या सोळा नमुन्यांची ही पट्टी म्हणजे शेड गाईड. उजळपणाच्या क्रमाने लावली, तर बी-1 पहिला आणि सी-4 शेवटचा. डॉक्टर एकेक नमुना दाताला भिडवून बघतात आणि ए-3 वर थांबतात. लगेच फोटो निघतो. पुढे निकाल याच फोटोशी ताडायचा, कारण आपला जुना रंग आपल्या लक्षात राहत नाही.

(दृश्य: स्केलिंग, खालच्या दातांची आतली बाजू)

ब्लीचिंगच्या आधी सफाई. चहा, तंबाखू, मशेरी यांचा थर दाताच्या वर बसलेला असतो. तो स्केलिंग आणि पॉलिशिंगने निघतो. कित्येकांचं काम इथेच भागतं, आणि तसं तोंडावर सांगणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका. कीड, तडा असेल किंवा दातात भरलेलं सिमेंट निघालं असेल, तर आधी ते दुरुस्त होतं. नाहीतर ब्लीचिंगचं जेल थेट आत झिरपतं.

(दृश्य: ओठ बाजूला धरणारा रिट्रॅक्टर, हिरडी झाकणारं निळं रेझिन, जवळून)

आता सगळ्यात नाजूक टप्पा. ओठांना व्हॅसलीन, गालात कापूस, हिरड्या फुंकून कोरड्या. सिरिंजच्या टोकातून निळं रेझिन हिरडीच्या कडेने एका रेघेत उतरतंय. दोन दातांच्या मधल्या टोकावर हात सावकाश होतो. मग दिव्याखाली काही सेकंदांत ते कडक होतं. ही रेघ नीट पडली तर पुढचं सगळं नीट. कारण आता येणाऱ्या जेलमध्ये 35 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे रंग उडवणारं रसायन आहे. ते हिरडीला लागलं तर हिरडी पांढरी पडते, चुरचुरते. या हातासाठीच दवाखान्यात यायचं असतं.

जेल एनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातून आत, त्याखालच्या डेंटिनच्या थरापर्यंत पोहोचतं आणि तिथल्या रंगीत रेणूंचे तुकडे करतं. दात खरवडला जात नाही. पंधरा-वीस मिनिटांनी जेल पुसायचं, नवं लावायचं. अशा दोन-तीन फेऱ्या. काही ठिकाणी वरून दिवा लावतात, पण काम जेलच करतं. दिव्याने निकालात फारसा फरक पडत नाही.

(दृश्य: पेशंटच्या हातात आरसा. इथे निवेदन नाही.)

आज दिसणाऱ्या शुभ्रपणात दात कोरडे पडल्याचाही वाटा आहे. आठवडा-दोन आठवड्यांत रंग थोडा खाली येऊन स्थिरावतो. पहिले एक-दोन दिवस दातांत सणक जाते. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट लावली की ती ओसरते.

(दृश्य: प्लास्टरचा साचा, व्हॅक्यूम मशीन)

दुसरा मार्ग या मशीनवर तयार होतोय. दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा ओतलाय. वर पातळ पारदर्शक शीट. गरम झाली की मधोमध झोळीसारखी लोंबते. मग मशीन हवा खेचतं आणि क्षणात शीट प्रत्येक दाताला घट्ट चिकटते. कात्रीने हिरडीची कड मोकळी केली की ट्रे तयार.

ही पद्धत सापडली ती अमेरिकेत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस, आर्कान्सासमधल्या फोर्ट स्मिथचे बिल क्लुसमायर हे दात सरळ करणारे डॉक्टर. पेशंटच्या हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून त्यांनी कार्बामाइड पेरॉक्साइडचं औषध रात्री दातांवर बसवायच्या साच्यात घालायला सांगितलं. हिरड्या सुधारल्या आणि दातही उजळले! नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या हेवूड आणि हायमन या दंतवैद्यांनी 1989 मध्ये ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. तेव्हाचं 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड आजही चालतं. त्यातून साडेतीन टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, म्हणजे खुर्चीतल्या जेलच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकं. म्हणूनच ते घरी देता येतं.

(दृश्य: ट्रेमध्ये जेलचे थेंब)

ट्रेमध्ये प्रत्येक दातासाठी एक थेंब, बाहेर आलेलं बोटाने पुसायचं, आणि झोपायचं. साधारण दोन आठवडे. घाई नसेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू. खर्च कमी, सणकही सहसा सौम्य, आणि दात खुर्चीतल्याइतकेच उजळतात.

(दृश्य: जुनी कॅप, शेजारी उजळलेला दात)

कॅप आणि सिमेंटचा रंग बदलत नाही. म्हणून आधी ब्लीचिंग, मग निदान दोन आठवडे थांबून नवं सिमेंट, नव्या रंगाला जुळवून. यवतमाळ, चंद्रपूरकडे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पडलेले तपकिरी डाग थोडे फिकट होतात, पांढरे ठिपके मात्र सुरुवातीला जास्त उठून दिसू शकतात. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिक गोळ्यांचा करडा रंग असेल, तर ट्रे महिनोन्महिने लावावा लागतो. गरोदरपणात हे सगळं पुढे ढकला.

लग्न ठरलं असेल, तर मुहूर्ताच्या निदान महिनाभर आधी तपासणीला जा. ट्रे जपून ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी रंग उतरला की डॉक्टरांकडून फक्त जेल आणायचं, थोड्या रात्रींत भागतं. ट्रे गार पाण्यानेच धुवा. गरम पाण्यात तो वाकतो.