धोरण आहे, म्हणून माहिती सुरक्षित?

[पडद्यावर: नव्या अ‍ॅपचं नोंदणीपान. तळाशी बारीक अक्षरांतली लिंक.]

नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख. त्याखाली सगळ्यात बारीक अक्षरांत 'गोपनीयता धोरण'. ती लिंक उघडतात थोडे. पण नुसती दिसली तरी पुष्कळांना निर्धास्त वाटतं.

२००३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पाहणीत, घरी इंटरनेट वापरणाऱ्या ५७ टक्के अमेरिकी प्रौढांची समजूत होती की, साइटवर असं धोरण असलं म्हणजे ती आपली माहिती इतर कंपन्यांना देणार नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीतही ५२ टक्के लोक धोरण म्हणजे गुप्ततेची हमीच समजत होते. प्रत्यक्षात माहितीचं काय केलं जाईल, ते धोरणात सांगितलेलं असतं. ती इतरांना दिली जाईल, हेही त्यातच असू शकतं.

सगळं वाचायचं तर? कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला: वर्षभरात उघडलेल्या प्रत्येक साइटचं धोरण वाचायला माणशी सुमारे २४४ तास लागतील. न वाचणाऱ्याला बेफिकीर ठरवणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

[पडद्यावर: दोन वाक्यं मोठी होतात.]

"तुमची माहिती आम्ही विकत नाही. सेवा सुधारण्यासाठी काही माहिती विश्वासू भागीदारांना देऊ शकतो."

अशी जोडी धोरणांत नेहमी भेटते. पहिल्या वाक्याने जीव भांड्यात पडतो आणि दुसरं नजरेतून सुटतं. भागीदार कोण? नावं नाहीत. 'काही माहिती' म्हणजे ईमेल, की लोकेशन आणि फोनमधले सगळे नंबरही? 'सेवा सुधारणे' इतकं मोघम आहे की त्यात जाहिरातीही बसवता येतात. 'देऊ शकतो' हे 'देतो' असंच धरून चालावं.

पूर्ण वाचायला वेळ नसेल, तर त्या पानावर शब्द शोधा. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ, मोबाइलवर ब्राउझरच्या मेन्यूत 'पानावर शोधा'. धोरण इंग्रजीत असेल तर 'थर्ड पार्टी' म्हणजे बाहेरच्या कंपन्या, 'अ‍ॅफिलिएट' म्हणजे संलग्न कंपन्या, 'रिटेन' म्हणजे माहिती ठेवून घेणं आणि 'डिलीट' म्हणजे पुसणं, हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाका. 'रिटेन'पाशी महिने किंवा वर्षं लिहिली आहेत का, ते बघा. 'आवश्यक असेपर्यंत' एवढंच असेल, तर मुदत ठरलेली नाही. 'डिलीट'पाशी अर्ज कुठे करायचा ते हवं. अ‍ॅप फोनमधून काढल्याने सर्व्हरवरची माहिती जात नाही.

सेटिंगमधली, माहिती द्यायची की नाही हे ठरवणारी बटणंही फसवा दिलासा देतात. कार्नेगी मेलनमध्येच झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, माहिती प्रसिद्ध करायची की नाही हे आपल्या हातात आहे असं वाटल्यावर लोक जास्त खासगी गोष्टी सांगायला तयार झाले. ती माहिती पुढे कोण बघणार, यावर त्यांचा ताबा नव्हता.

[पडद्यावर: एक बटण बंद होतं.]

बटण बंद केल्यावर लागू होतं ते सहसा पुढच्या माहितीला. आधीच दिलेली पुसायची असेल, तर वेगळा अर्ज करावा लागतो. त्यात 'ज्यांना माहिती दिली, त्यांनाही ती पुसायला कळवा' हे वाक्य आवर्जून घाला.